सप्ताहाचा मांडव आणि मिक्सरची आठवण

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताहाचा चौथा दिवस होता. हरिपाठ आटोपला, पावल्या खेळून घामाघूम झालेली पोरं पाण्याच्या टाकीकडं गेली आणि मी चहा घेत बसलो. थोड्या वेळानं महाराज आले, विणेकऱ्यांच्या पाया पडले, नारदाच्या गादीवर उभे राहिले. तेव्हा कुठं मी आवाजाच्या मिक्सरवर ‘कीर्तन’ नावाचा सीन, म्हणजे साठवून ठेवलेलं सेटिंग, निवडला आणि तो परत बोलावणारं रिकॉलचं बटण दाबलं. आदल्या रात्री याच सीनवर कीर्तन इतकं गोड वाजलं होतं की गावातली जुनी माणसं मुद्दाम येऊन सांगून गेली होती. महाराजांनी ‘रामकृष्णहरी’ म्हटलं आणि अख्ख्या मांडवात शिट्टी घुमली. बायकांनी कानांवर हात ठेवले. मृदंगाचार्यांनी थाप थांबवून माझ्याकडं पाहिलं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशीचे महाराज हळू आवाजात बोलणारे, माईकपासून वीतभर लांब उभे राहणारे होते. म्हणून त्यांच्या चॅनेलचा, म्हणजे मिक्सरमधल्या त्यांच्या माईकच्या वाटेचा, गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते) मी बराच वर ठेवला होता. आजचे महाराज खड्या आवाजाचे आणि माईकला ओठ लावून बोलणारे. हे एक. दुसरं म्हणजे, त्याच दिवशी दुपारी बायकांची बसायची जागा वाढवायची म्हणून डाव्या अंगाचा स्पीकर आम्ही चार हात पुढं सरकवला होता. त्यामुळं जी सूं-सूं व्हायला लागली ती मी इक्वलायझरमध्ये (वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) एक-दोन ठिकाणी कापून बंद केली होती. रात्री रिकॉल दाबताच मिक्सरनं दुपारचं सगळं काम पुसलं आणि आदल्या रात्रीचे आकडे जसेच्या तसे आणून ठेवले. मिक्सर बिघडला नव्हता. मी जे मागितलं तेच त्यानं दिलं होतं.

डिजिटल मिक्सरवर सेटिंग साठवणं आणि परत बोलावणं शिकायला पाच मिनिटं लागतात. पण काय परत यावं आणि काय येऊ नये, हे ठरवायला मला बरीच वर्षं लागली. हा लेख त्याबद्दल आहे. नव्यानं मिक्सरवर बसणारी पोरं आणि गावोगावच्या भजनी मंडळांतले, देवस्थानांतले जे लोक आता स्वतःचा मिक्सर घ्यायला लागलेत, त्यांच्यासाठी.

आधी जुन्या मिक्सरची गोष्ट, कारण तिच्याशिवाय नव्याची किंमत कळत नाही. ॲनालॉग मिक्सरवर आठवण ठेवायची ती चिकटपट्टीवर. फेडरच्या (आवाज वरखाली करायच्या सरकत्या बटणाच्या) शेजारी पांढरी पट्टी लावायची, मार्करनं रेघ मारायची. गोल बटणांसाठी घड्याळाची भाषा: ‘मृदंग गेन दोन वाजता, हार्मोनियम अकरा वाजता’. मोबाइल आले तसे आम्ही मिक्सरचा फोटो काढून ठेवायला लागलो. या सगळ्याला एक मर्यादा होती. बटणं इतकी असायची की फोटो पाहून ती सगळी परत जुळवायला अर्धा तास जायचा आणि तरी आवाज तोच यायचा नाही.

डिजिटल मिक्सरमध्ये बटण हे फक्त हात लावायचं साधन आहे. खरी गोष्ट आत असते, एक आकडा. तुम्ही फेडर वर नेला की आतला आकडा बदलतो. आवाजाचं जे काही व्हायचं ते त्या आकड्यावरून होतं. आणि आकडे म्हटले की ते लिहून ठेवता येतात. बेहरिंगरचा एक्स३२ हा मिक्सर २०१२ साली आला आणि हळूहळू आमच्याकडच्या छोट्या साऊंडवाल्यांपर्यंत पोचला. त्यात ३२ मुख्य चॅनेल आणि १६ मिक्स बस (वेगवेगळ्या माईकचे आवाज एकत्र करून पुढं नेणाऱ्या वाटा) आहेत. म्हणजे कोणता माईक कोणत्या मॉनिटरला (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडं तोंड केलेला स्पीकर) किंवा इफेक्टला किती जाणार, याचेच ३२ गुणिले १६, ५१२ आकडे झाले. प्रत्येक चॅनेलच्या इक्वलायझरला चार पट्टे, प्रत्येक पट्ट्याला तीन आकडे: कोणत्या जागी, किती, आणि किती रुंद. ते झाले ३८४. गेट (बारीक आवाज असेल तेव्हा माईक मिटून ठेवणारं), कंप्रेसर (फार मोठा आवाज दाबणारा), गेन, फेडर, म्यूट, नाव, रंग हे अजून वेगळेच. ही सगळी यादी एका दमात लिहून ठेवणं म्हणजे सीन साठवणं, आणि ती यादी परत मिक्सरवर लागू करणं म्हणजे रिकॉल. एक्स३२ची सीन फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. ओळीखाली ओळ नुसते शब्द आणि आकडे दिसतील. मला ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा फार हायसं वाटलं होतं. यात जादू काही नाही, ही वही आहे, हे डोळ्यांनी दिसलं.

ही कल्पना तशी जुनी आहे. यामाहाच्या डीएमपी७ या छोट्या मिक्सरमध्ये १९८७ सालीच मोटरवर आपोआप सरकणारे फेडर आणि सेटिंग साठवायची सोय होती. पुढं २००६ सालच्या एलएस९मध्ये ३०० सीन मावायला लागले. एक्स३२मध्ये १०० मावतात. सप्ताहाला सहा-सात पुरतात, त्यामुळं या आकड्यांवरून मिक्सर निवडायची काही गरज नाही.

आता वहीच्या पानांचे प्रकार. कंपन्यांनी नावं वेगवेगळी ठेवली आहेत, कुणी सीन म्हणतं, कुणी स्नॅपशॉट, कुणी क्यू, आणि नवखा माणूस इथंच गोंधळतो. सप्ताहाच्या भाषेत सांगतो. चॅनेलचा प्रीसेट म्हणजे एक अभंग: एकाच माईकचं सेटिंग, उदाहरणार्थ मृदंगाच्या धुमेच्या बाजूचा माईक. तो कोणत्याही कार्यक्रमात उचलून वापरता येतो. सीन म्हणजे एका कीर्तनाची पूर्ण मांडणी: सगळे चॅनेल, सगळे मॉनिटर, त्या घडीची पूर्ण अवस्था. आणि शो म्हणजे सप्ताहाची छापलेली पत्रिका: त्यात सगळे सीन आले, त्यांचा क्रम आला, काय सुरक्षित ठेवायचं याचे नियम आले. एक्स३२मध्ये याशिवाय स्निपेट नावाचा प्रकार आहे. तो पूर्ण सीन नसतो, निवडलेले चारदोन आकडेच बदलतो. ‘पंगत’ नावाचं माझं एक स्निपेट आहे. ते दाबलं की भजनाचे माईक बंद होतात, सूचना देण्याचा माईक उघडतो, बाकी कशालाही धक्का लागत नाही.

वहीत न मावणाऱ्या गोष्टीही असतात, आणि त्या विसरल्या की माणूस रिकॉलवर नको तितका विसंबतो. ॲम्प्लिफायरवरची बटणं मिक्सरला दिसत नाहीत. स्पीकर कुठं आहे, माईक तोंडापासून किती लांब आहे, वायरलेस माईकच्या ट्रान्समीटरवर संवेदनशीलता किती ठेवली आहे, हार्मोनियमची वायर आज पाचव्या खोबणीत आहे की सहाव्या, हे त्याला कळायला मार्गच नाही. काही जुन्या मिक्सरवर तर गेनसुद्धा वहीत येत नाही. प्रीसोनसच्या पहिल्या पिढीच्या स्टुडिओलाइव्ह १६.४.२वर गेनची बटणं हातानं फिरवायची होती आणि फेडरला मोटर नव्हती. रिकॉल केलं की आतला आकडा बदलायचा, पण फेडर आधी होता तिथंच दिसायचा. तो दाखवतोय एक आणि आवाज आहे दुसराच. तेव्हा मिक्सर भाड्यानं आणला असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: याचा गेन रिकॉल होतो का?

गेन, म्हणजे माईकचा बारीक विद्युतसंकेत सुरुवातीलाच किती मोठा करायचा, हा सगळ्यात नाजूक आकडा. कारण त्याच्यापुढं सगळंच त्यावर उभं असतं. गेन बदलला की कंप्रेसर वेगळा वागतो, गेट वेगळ्या ठिकाणी उघडतो, मॉनिटरमधला आवाज बदलतो, लाइव्ह प्रक्षेपणाला जाणारा आवाजही बदलतो. दोन मिक्सर एकाच स्टेजबॉक्सवर (माईकच्या वायरी जिथं जोडतात ती स्टेजवरची पेटी) असतील, एक मंडपासाठी आणि एक मॉनिटरसाठी, तर एकानं सीन रिकॉल केला की दुसऱ्याच्या हातातला आवाज न सांगता वरखाली होऊ शकतो. म्हणून दोघं असतील तर गेनचा मालक कोण, हे आधीच तोंडी ठरवून टाकायचं.

आता मुद्द्याकडं येतो. सीनमध्ये आकडे एकाच यादीत असतात, पण त्यांची मूळं तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. काही आकडे कार्यक्रमाचे: हरिपाठाला कोणते माईक उघडे, पारायणाला कोणते. काही आकडे जागेचे: मुख्य स्पीकरचा इक्वलायझर, मागच्या स्पीकरचा डिले, मांडवाच्या प्रत्येक बाजूचा आवाज. आणि काही आकडे माणसाचे: या महाराजांचा आवाज, या गायनाचार्यांची माईक धरायची रीत. रिकॉलनं कार्यक्रमाचे आकडे परत यावेत, एवढंच आपल्याला हवं असतं. जागेचे आकडे जागा बदलेपर्यंत जसे आहेत तसे राहावेत. माणसाचे आकडे माणूस बदलला की नव्यानं लावावेत. त्या चौथ्या रात्री मी तिन्ही एकाच पोत्यात भरून आणले होते.

जागेचं एक उदाहरण देतो, कारण इथं हिशेब मांडून दाखवता येतो. मोठ्या मांडवात मागच्या लोकांसाठी अर्ध्यात दुसरे स्पीकर लावतो. पुढच्या स्पीकरचा आवाज हवेतून मागं पोचायला वेळ लागतो, म्हणून मागच्या स्पीकरला तेवढाच उशिरा वाजायला सांगतो. तो डिले. हवेचं तापमान २० अंश असेल तर ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ४० अंशांना सुमारे ३५५. म्हणजे ४० मीटर अंतरासाठी पहाटेच्या गारव्यात सुमारे ११७ मिलिसेकंद आणि चैत्रातल्या दुपारी सुमारे ११३. आपल्याकडं चैत्रात रामनवमी, हनुमान जयंतीच्या सुमारास किती सप्ताह बसतात आणि तेव्हा ऊन कसं तापतं, हे सांगायला नको. हा चार मिलिसेकंदांचा फरक कार्यक्रम बिघडवण्याइतका मोठा नाही. पण मागच्या महिन्यातल्या गावाचा सीन इथं उघडला आणि तिथं मागचे स्पीकर २५ मीटरवर होते, तर सुमारे ७३ मिलिसेकंदांचा डिले येऊन बसेल. मग मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. तक्रार सांगायला येणारा माणूस डिले म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘‘माउली, मागं काही समजंना गेलंय.’’

यावर उपाय मिक्सरमध्येच असतो. त्याला साधारणपणे सेफ म्हणतात. यामाहावर रिकॉल सेफ, एक्स३२वर सीन सेफ, ॲलन अँड हीथवरही सेफ. सेफ म्हणजे कुंपण: कोणताही सीन आला तरी याला हात लावायचा नाही. दुसरी एक सोय असते फोकसची, काही ठिकाणी तिला फिल्टर म्हणतात. ती एकेका सीनला जोडलेली असते: या सीननं येताना फक्त एवढंच आणावं. नवख्यांना मी आधी सेफच शिकवतो. कुंपण एकदा घातलं की प्रत्येक सीन वेगळा तपासायची गरज राहत नाही. फोकस हुशार आहे, पण दहा सीनचे दहा नियम रात्री नऊ वाजता कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

माझ्या कुंपणात काय असतं? सगळी आउटपुट, म्हणजे मिक्सरमधून स्पीकरकडं जाणाऱ्या वाटा, त्यांचे इक्वलायझर आणि डिले. सूचना देण्याचा माईक, कारण हरवलेलं लेकरू, वाटेत लावलेलं वाहन, दवाखान्याची गाडी यांची घोषणा कोणत्याही क्षणी करावी लागते आणि तो माईक सीनमुळं बंद पडलेला चालत नाही. मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालू असेल तर त्याला जाणारी बस. आणि कीर्तनकारांचा चॅनेल. हा शेवटचा मी त्या रात्रीनंतर घातला. सप्ताहात रोज नवे महाराज येतात. पत्रिकेवर सात-आठ नावं असतात ती उगाच नसतात. मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी बहुतेक आठही दिवस तेच असतात, त्यांचे आकडे सीनमध्ये राहू द्यावेत. महाराजांचा माईक मात्र रोज संध्याकाळी हातानं लावायचा. शक्य असेल तर ते आल्यावर दोन शब्द बोलायला सांगायचे. बहुतेक जण आनंदानं बोलतात. लाजून विचारत नाही तो साऊंडवाला असतो.

४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचं, म्हणजे काही माईकना वायरीतून मिक्सर जी वीज देतो तिचं, एक वाक्यात सांगतो: ती सीनसोबत चालू-बंद होत असेल तर रिकॉलच्या क्षणी ‘धप्प’ असा आवाज येऊ शकतो, म्हणून ती पहिल्या दिवशी लावून कुंपणात टाका.

सप्ताहाचे सीन मी कसे बांधतो ते आता सांगतो. पहाटेच्या काकड्याला माझ्याकडं सीन नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते पहाटे ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, आणि खरं सांगायचं तर काकडा उघड्या गळ्यानंच ऐकावा. सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि ते दहाच्या आत संपवायचं.

पहिल्या दिवशी सकाळी सगळे माईक लावून एक पायाभूत सीन तयार करायचा. सगळी नावं, सगळे रंग, सगळे गेन, प्रत्येक वाद्याचा साधा इक्वलायझर, आणि सगळं म्यूट. बाकीचे सीन या पायावरून बनवायचे. पारायणाला व्यासपीठचालकांचा एकच माईक उघडा, बाकी सगळे बंद, आणि रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) पूर्ण काढलेला, कारण ओवी शब्द शब्द कळायला हवी. हरिपाठाला गाणाऱ्यांचे दोन माईक आणि मृदंग. टाळांना माईक लागतच नाही, पन्नास जोड टाळ तसेच मंडप भरून टाकतात. उलट त्यांचा खणखणाट गाणाऱ्यांच्या माईकमध्ये घुसतो म्हणून त्या माईकचा वरचा पट्टा थोडा उतरवायचा. कीर्तनाला सगळंच उघडं: महाराज, गायनाचार्यांचे माईक, हार्मोनियम, मृदंगाची शाई आणि धूम.

सीनला क्रमांक देताना १, २, ३ असे देऊ नका. १०, २०, ३० असे द्या. तिसऱ्या दिवशी गावकरी येऊन सांगतात की उद्या दुपारी शाळेच्या पोरांचं भारूड ठेवलंय. तेव्हा २० आणि ३०च्या मधली जागा कामाला येते. पायाभूत सीनची एक प्रत अगदी शेवटच्या क्रमांकावर ठेवा, जिथं चुकून बोट जाणार नाही.

आणि कीर्तन चालू असताना सीन बदलू नका, हे माझं ठाम मत आहे. मला लोक विचारतात, निरूपणाला एक सीन आणि चालीला दुसरा असं का करू नये? नाटकात तसं करतात, आणि तिथं ते शोभतं. संहिता ठरलेली असते, कोणत्या वाक्याला कोण आत येणार हे ठाऊक असतं, त्याप्रमाणे माईक उघडतात-मिटतात. काही मिक्सर तर एका सीनमधून दुसऱ्यात हळूहळू सरकू शकतात, यामाहाच्या काही मिक्सरवर ६० सेकंदांपर्यंत. कीर्तनाला अशी संहिता नसते. महाराज दृष्टांत सांगता सांगता मध्येच ‘ज्ञानोबा तुकाराम’चा गजर उचलतात आणि मृदंग क्षणात पेटतो. त्या क्षणी बटण शोधणारा साऊंडवाला मागं पडतो. तिथं बोट फेडरवर हवं. सगळे गाणारे एका गटाच्या फेडरवर, वाद्यं दुसऱ्या गटाच्या फेडरवर, आणि महाराज एकटे. एवढ्या तीन फेडरवर पूर्ण कीर्तन सांभाळता येतं.

सीनची खरी ताकद दिसते ती एकाच रंगमंचावर एकामागून एक मंडळी येतात तिथं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या लावणी महोत्सवात एकापाठोपाठ एक पार्ट्या चढतात, उरुसात कव्वाल बदलतात, छत्रपती संभाजीनगरला १४ एप्रिलच्या जयंतीला भीमगीतांचे संच रांगेत उभे असतात. ॲनालॉग काळात जो शेवटी गाणार त्याची तपासणी आधी घ्यायची आणि जो पहिला गाणार त्याची शेवटी, म्हणजे निदान पहिल्याचं सेटिंग तरी मिक्सरवर जसंच्या तसं राहील. आता कुणाचीही तपासणी कधीही घ्या, प्रत्येकाचा एक सीन साठवा. फक्त दुपारचा रिकामा मंडप आणि रात्रीचा भरलेला मंडप एकसारखा वाजत नाही. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे सूर शोषून घेतात. दुपारी कर्कश वाटलेलं रात्री मऊ होतं. तो फरक मुख्य आउटपुटवर एकदा सुधारायचा आणि आउटपुट कुंपणात असल्यामुळं तो पुढच्या प्रत्येक संचाला आपोआप लागू पडतो. कुंपण नसेल तर पहिल्या संचाला केलेली सुधारणा दुसऱ्याचा सीन येताच नाहीशी होते.

साठवण्याच्या बाजूला दोन अपघात नेहमी घडतात. पहिला: कीर्तन चालू असताना तुम्ही खूप सुधारणा केल्या, पण त्या सीनमध्ये लिहिल्या नाहीत. मिक्सर स्वतःहून सीनमध्ये काही लिहीत नाही. उद्या रिकॉल केलं की कालच्या सुधारणा नाहीत. यामाहाच्या बऱ्याच मिक्सरवर सीनच्या क्रमांकाजवळ ‘ई’ अक्षर उमटतं, म्हणजे रिकॉलनंतर काहीतरी बदललंय आणि ते लिहिलेलं नाही. ते अक्षर पाहायची सवय लावून घ्या. दुसरा अपघात उलटा आणि जास्त वाईट: रिकॉल दाबायच्या ऐवजी साठवायचं बटण दाबलं जातं, आणि पारायणाची अवस्था कीर्तनाच्या सीनवर लिहिली जाते. यासाठी ‘खात्री आहे का’ असं विचारणारी खिडकी सेटअपमध्ये चालू करून ठेवा. ती त्रासदायक वाटते म्हणून बरेच जण बंद करतात. मी कधीच केली नाही. शिवाय बऱ्याच मिक्सरवर शेवटचं रिकॉल मागं घ्यायची सोय असते, ती आपल्या मिक्सरवर कुठं आहे हे कार्यक्रमाआधी शोधून ठेवा.

सहा सीन तयार झाल्यावर तिसऱ्या दिवशी मृदंगाचा माईक बदलला तर? सुधारणा सहाही सीनमध्ये जायला हवी. एकेक उघडून, बदलून, साठवून करता येतं, पण त्यात चुका होतात. यामाहाच्या काही मिक्सरवर ग्लोबल पेस्ट आहे, एका चॅनेलचं सेटिंग अनेक सीनमध्ये एकदम चिकटवता येतं. ती सोय नसेल तर मी सरळ तो चॅनेल कुंपणात टाकतो आणि उरलेले दिवस हातानं सांभाळतो.

मिक्सरच्या पोटातली आठवण ही एकच प्रत समजा. रोज रात्री पूर्ण शो पेन ड्राइव्हवर घ्यायचा. एक्स३२सारख्या मिक्सरला पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो. दोन पेन ड्राइव्ह ठेवा, एक मिक्सरच्या पेटीत आणि एक खिशात. फाइलच्या नावात गाव आणि तारीख असू द्या, ‘नवीन’, ‘फायनल’ अशी नावं दोन महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. दुसऱ्याचा मिक्सर वापरणार असाल तर तो कोणता आणि त्याचं फर्मवेअर (मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) कोणतं हे विचारा. नव्या फर्मवेअरवर साठवलेली फाइल जुन्यावर उघडेलच असं नाही. एक्स३२ची फाइल मिडासच्या एम३२वर चालते, यामाहाच्या बऱ्याच मिक्सरमधल्या फाइली एकमेकांत बदलायला कंपनीचंच एक सॉफ्टवेअर आहे, पण बेहरिंगरची फाइल यामाहावर उघडणार नाही. बहुतेक मिक्सरचं संपादन करायचं सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळतं. घरी बसून नावं, रंग, गट, सीनचा क्रम आधीच बांधता येतो. मांडवात पोचल्यावर मग फक्त आवाजाकडं लक्ष द्यायचं.

आणि लाइट. आपल्याकडं हा विषय टाळून चालत नाही. लाइट गेली, जनरेटर सुरू झालं, तेवढ्यात डिजिटल मिक्सर बंद होऊन परत सुरू व्हायला वेळ घेतो. काही मिक्सर चालू अवस्था ठरावीक वेळानं आपोआप लिहून ठेवतात, म्हणजे मधल्या काही मिनिटांतले बदल जातात. मिक्सरपुरता एक यूपीएस ठेवा, संगणकाला लावतात तसला. ॲम्प्लिफायर त्यावर लावू नका. परत सुरू करताना मिक्सर आधी, ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी.

त्या गावात पाचव्या दिवशी मी काय बदललं ते सांगतो. हरिपाठ संपल्या संपल्या, कीर्तनाला अजून पंधरा-वीस मिनिटं असताना, सगळं म्यूट करून सीन रिकॉल केला. मोटरचे फेडर सरकले, महाराजांचा आणि आउटपुटचे फेडर जागचे हलले नाहीत. मग एकेक माईक उघडून पाहिला. मृदंगाचार्य थाप देत होते, त्यांनी मान डोलावली. महाराज आले तेव्हा त्यांना माईकवर दोन शब्द बोलायची विनंती केली. त्यांनी एक ओवी म्हटली, तेवढ्यात गेन लागला.

आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. त्या दिवशी गर्दी मावत नाही म्हणून मांडवाच्या बाजू सोडतात, आवाज बाहेर पळतो, आउटपुट नव्यानं लावावे लागले. दहीहंडी फुटली, पंगती बसल्या, आणि मी शो पेन ड्राइव्हवर घेतला. पुढच्या वर्षी त्याच गावानं परत बोलावलं. ती फाइल उघडली तेव्हा माईकची यादी, नावं, गट आणि सीनचा क्रम जसाच्या तसा घेतला. गेन शून्यावर आणले, आउटपुट कोरे केले, आणि मांडवात उभं राहून पहिला माईक तपासायला घेतला.